सासू नंतर घुसडलेली नाही : एका मताची पार्श्वभूमी

गेल्या महिन्यात फोंड्याला आमच्या वाचकगटाची बैठक झाली आणि बाईंनी त्या कादंबरीवर जे मत दिलं त्यावरून अजून फोनाफोनी चालू आहे, म्हणून म्हटलं एकदा मागचं सगळं लिहूनच काढू. बाई म्हणजे आमच्या सगळ्यांच्याच बाई, मराठी प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या, गटात त्यांच्याइतकं वाचणारं दुसरं कोण नाही, आणि त्या बोलायला लागल्या की आम्ही पन्नाशीची माणसंसुद्धा पाटी घेऊन बसल्यासारखी गप्प होतो. पुस्तक होतं झोपलेल्या राजकन्येची गोष्ट नव्याने सांगणारी एक इंग्लिश कादंबरी. नाव घेत नाही, कारण अर्ध्या लोकांची वाचून व्हायचीय आणि खाली मी सगळंच फोडलंय.

बाईंचं म्हणणं साधं होतं. राजकन्या जागी झाल्यावर पुढे दीडशे पानं सासूची आहेत, ती राक्षसीण आहे, नातवंडं शिजवून खायला निघते, हे लेखिकेने मनचं घुसडलंय कारण हल्ली रक्त असल्याशिवाय पुस्तक खपत नाही. वर राजपुत्र चुंबनच घेत नाही, ती आपली आपण जागी होते, मग ती कसली स्लीपिंग ब्यूटी. आणि शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवत, "मूळ गोष्टीला हात लावायचा अधिकार यांना दिला कोणी?"

त्या वेळी मी काही बोललो नाही. चहा आला, आणि खरं सांगायचं तर बाईंशी वाद घालायचा जीव झाला नाही.

तर आधी सासू. १६९७ साली पॅरिसला छापलेल्या फ्रेंच संग्रहात ही गोष्ट आहे, आणि तिथे राजकन्या जागी होते तेव्हा गोष्ट जेमतेम निम्मी झालेली असते. राजपुत्र गुपचूप लग्न करतो, दोन वर्षं घरी पत्ता लागू देत नाही, शिकारीला जातो म्हणून थापा मारतो, कारण आईच्या रक्तात राक्षसांचा अंश आहे आणि बारकी पोरं दिसली की तिला आवरत नाही हे त्याला माहीत आहे. बाप मेल्यावर तो राजा होतो, बायकापोरांना वाड्यावर आणतो आणि स्वतः लढाईला निघून जातो (हे मात्र आपल्या कुठल्याही सिरियलमध्ये बसेल). मग सासू सुनेला आणि पोरांना रानातल्या घरी पाठवते आणि स्वयंपाकाच्या कारभाऱ्याला सांगते, उद्या मला जेवणात नात पाहिजे. नातीचं वय चार. आणि नुसती नको, सॉस रोबेरमध्ये, म्हणजे कांदा आणि मोहरीच्या रश्शात. आपल्याकडे शागुती कशाची केलीय हे ज्या गांभीर्याने विचारतात तेवढ्याच गांभीर्याने ही ऑर्डर आहे. कारभाऱ्याला सुरी चालवायला होत नाही, तो नातीच्या जागी कोकरू कापतो, मग तीन वर्षांच्या नातवाच्या जागी करडू, आणि सासूला सूनही पाहिजे झाली तेव्हा त्याची पंचाईत होते, कारण बाई दिसायला वीस वर्षांची असली तरी मधली शंभर वर्षं धरली तर कातडं जरा चिवट असणार, तसा मेळाचा प्राणी शोधायचा कुठून. शेवटी हरिणी मारतो. हा चिवट कातड्याचा विनोद माझा नाही, सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा छापील आहे.

म्हणजे कादंबरीवालीने सासू घुसडली नाही, तिने ती माळ्यावरून खाली काढली. उलट तिने सासूला लहानपणीचं दुःख देऊन दहा-बारा पानं खर्च केली, ते मला बाईंइतकंच टोचलं. फ्रेंच गोष्टीत असली कारणमीमांसा नाही, बाई राक्षसीण आहे म्हणून खाते, बस.

त्याच्याही साठेक वर्षं आधी नेपल्सच्या बोलीत लिहिलेला एक संग्रह आहे, १६३४ पासून दोनेक वर्षांत लेखकाच्या मरणानंतर छापला गेला, त्यात सासू नाही, सवत आहे. राजा आधीच लग्न झालेला. तो झोपलेल्या मुलीवर जबरदस्ती करून निघून जातो, तिला झोपेतच जुळं होतं, त्यातलं एक पोर दूध सापडेना म्हणून बोट चोखतं आणि बोटात रुतलेली जवसाच्या काडीची कुसळ बाहेर येते, ती जागी होते. पोरांची नावं सूर्य आणि चंद्र. मग राजाची बायको ती पोरं शिजवून नवऱ्यालाच वाढायला सांगते, तिथला आचारीही पोरं लपवतो आणि करडं रांधतो. त्याच्या आधीची एक फ्रेंच अद्भुतकथा चौदाव्या शतकातली आहे, छापली गेली १५२८ ला, तिच्यातही पोराने बोट चोखल्यावरच आई उठते. त्यामागे अजून काय काय असेल, पण तिकडे मी जात नाही, तिथे माझं वाचन संपतं.

आता चुंबन. वरच्या तिन्हींत जागं करणारं चुंबन नाही. १६९७ मध्ये राजपुत्र तिच्या बाजूला जाऊन नुसता गुडघ्यावर बसतो, शंभर वर्षं त्याच क्षणी भरतात, ती डोळे उघडते आणि म्हणते की फार वाट बघायला लावलीत. चुंबन ठरून आलं ते जर्मनीत, ग्रिम भावांच्या कागदात, १८१० च्या हस्तलिखितात ते आहे आणि १८१२ च्या छापील पुस्तकात आहे. पण तिथेही नीट वाचलं तर गंमत आहे. त्यांच्या शेवटच्या, १८५७ च्या आवृत्तीत स्वच्छ लिहिलंय की शंभर वर्षं नेमकी संपलेली होती आणि त्या दिवशी ती उठणारच होती, काट्यांचं कुंपण राजपुत्राला बघून आपोआप फुलं होऊन बाजूला झालं. त्याआधी जे राजपुत्र आले ते त्याच काट्यांत अडकून मेले, ते काय कमी शूर होते? म्हणजे मनुष्य फक्त बरोबर तारखेला पोचला. आमच्याकडे सरकारी कामात ज्याला असं जमतं त्याला आम्ही नशीबवान म्हणतो, हिरो म्हणत नाही.

या भावांबद्दल मी थोडं जास्त लिहिणार, एक तर हा काळ मला जरा ठाऊक आहे आणि दुसरं म्हणजे बाईंचा "मूळ" हा शब्द इथूनच आलाय. १८१२ ते १८५७ मध्ये त्यांच्या पुस्तकाच्या सात मोठ्या आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक वेळी गोष्टी बदलत गेल्या. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीला मारायला निघालेली तिची सख्खी आई आहे, १८१९ ला तिची सावत्र आई झाली, कारण घराघरात वाचायच्या पुस्तकात आई अशी कशी दाखवायची. केसांची लांब वेणी खाली सोडणारी ती बुरुजातली मुलगी पहिल्या आवृत्तीत म्हातारीला निरागसपणे विचारते की माझे कपडे घट्ट का व्हायला लागलेत, पुढे हा प्रश्न गायब. हे सगळं करून पुस्तकाचा लौकिक काय, तर जर्मन लोकांच्या तोंडून आलेल्या अस्सल गोष्टी.

आणि ही झोपलेली राजकन्या तर त्या पुस्तकात राहायलाच नको होती. ही गोष्ट त्यांना सांगितली ती एका सुखवस्तू घरातल्या तरुण मुलीने, आणि त्या घराला फ्रान्समधून परागंदा होऊन आलेल्या प्रोटेस्टंटांचा वारसा होता. भावांना हे कळत होतं. एकाने तर कागदावर टिपूनच ठेवलंय की ही सगळी फ्रेंच पुस्तकातली दिसते. याच कारणाने पहिल्या आवृत्तीनंतर त्यांनी बूट घातलेल्या मांजराची गोष्ट काढली, निळ्या दाढीवाल्याची काढली, फ्रेंच वास येतो म्हणून. मग हीच का ठेवली? तर त्यांना तिच्यात उत्तर युरोपातल्या जुन्या वीरगाथेतली ती योद्धी दिसली जिला देवाने काटा टोचून झोपवलंय आणि भोवती आगीचं कडं उभं केलंय. म्हणजे फ्रेंच पाहुणी आली, पण चेहरा आपल्या आजीसारखा वाटला म्हणून घरात घेतली. काही अभ्यासकांना हा निर्णय बरोबर वाटतो, काहींना ती त्यांची स्वतःचीच फसवणूक वाटते. मी दुसऱ्या बाजूचा आहे हे लपवत नाही. आगीचं कडं आणि काट्यांचं कुंपण यात साम्य आहे हे मान्य, पण मग मांजरात काय वाईट होतं?

घरात घेतल्यावर मग तिचे कपडे बदलले. १८१२ मध्ये राणी आंघोळीला गेलेली असते तेव्हा पाण्यातून एक खेकडा बाहेर येऊन तिला सांगतो की तुला मुलगी होणार. शेवटच्या आवृत्तीत खेकड्याचा बेडूक झाला. १८२३ ला लंडनमध्ये पहिलं इंग्लिश भाषांतर आलं, त्यात तर छोटा मासाच आहे. (आमच्याकडे हे सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, कुर्ली की नुस्तें, आणि कुर्ली जिंकेल. बेडकाचा गोव्यात पावसाळ्यातला इतिहास वेगळा आहे, तो इथे नको.) आणि सासू? तिची गोष्ट त्यांनी १८१२ मध्ये वेगळी काढून मागे ८४ व्या नंबरला एक अपुरा तुकडा म्हणून छापली, नंतरच्या आवृत्तीतून तोही तुकडा गेला, राहिला तो टिपांत. निम्मी गोष्ट गेली ती अशी. लग्न झालं की गोष्ट संपली, ही सवय आपल्याला तिथून लागली.

आता तो शब्द, ज्याच्यावर मी जरा जास्तच वेळ घालवणार आहे कारण बैठकीत तोच सगळ्यात जास्त वापरला गेला आणि कोणी थांबून बघितला नाही. परीकथा. १८१२ मध्ये जर्मन पुस्तकात तेरा 'फे' आहेत, म्हणजे फ्रेंचमधल्या पऱ्या. पुढे भावांना हा शब्दच परका वाटला आणि त्यांनी तिथे "शहाण्या बायका" लिहिलं. इंग्लिशवाल्याने मात्र परत 'फेअरी' केलं, आणि आपल्याकडे इंग्लिशमधून येताना झाली परी. परी हा शब्द फारसी, पंखवाली सुंदर बाई, आकाशातून येते, बागेत नाचते. फेअरीचं मूळ वेगळंच आहे. लॅटिनमधला 'फाता', म्हणजे विधिलिखित, त्याचा फ्रेंचमध्ये 'फे' झाला आणि पोर्तुगीजमध्ये 'फादा'. पणजीत जे 'फादो' गाणं ऐकायला जातात त्याचंही मूळ तेच नशीब. म्हणजे पाळण्याशी येणारी ही बाई उडायला आलेली नसते. पोराचं कपाळ लिहायला आलेली असते.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो, कारण ही बाई आपल्या घरात आहे. सटवाई. पोर जन्मल्याच्या सहाव्या रात्री येते, तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा विझू देत नाहीत, घरात जागरण असतं, आणि ती जे लिहून जाते ते पुसता येत नाही. माझ्या मुलीच्या सटीला आईने कागदाच्या बाजूला माझा जेलपेन ठेवला होता, बोरू कुठून आणणार, आणि पहाटे मी हळूच जाऊन बघितलं होतं की टोपण काढलंय का. नेपल्सच्या गोष्टीत तर बापाने ज्योतिष्यांनाच बोलावलंय, ते पत्रिका मांडून सांगतात की जवसाच्या काडीपासून जिवाला धोका. हा प्रसंग कुठल्या मराठी घराला समजावून सांगायला लागेल? पण आपल्या भाषांतरात सटवाई गेली, जोशीबुवा गेले, आणि जादूची कांडी घेतलेली पंखवाली मुलगी आली. त्यामुळे गोष्ट लहान मुलांची झाली. सटवाई म्हटलं असतं तर ती बाळंतिणीच्या खोलीतली गोष्ट राहिली असती, भीतीची, आणि सासूही तिथे आपोआप शोभली असती.

याच्यात ताटांचं प्रकरण आहे तेही बघा. चौदाव्या शतकात तीन देवता जेवायला येतात आणि एकीला पानावर सुरी मिळत नाही, ती रागावते. १६९७ ला सात पऱ्यांसाठी सोन्याचे चमचे-काटे-सुऱ्या केलेल्या आहेत, आठवी म्हातारी अवचित येते आणि तिच्यापुरतं सोन्याचं नसतं. १८१२ ला परी तेरा, सोन्याची ताटं बारा, म्हणून तेराव्या परीला बोलावलंच नाही. पाचशे वर्षांत सगळं बदललं, कोण जागं करतं, कशाने टोचतं, शेवटी कोण मरतं, पण पंगतीत पान कमी पडल्याचा राग तसाच राहिला. ज्यांनी घरचं कार्य काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

जर्मन लोक तर परीकथा म्हणतच नाहीत, त्यांचा शब्द आहे 'मेर्शन', म्हणजे छोटीशी खबर, छोटी हकीकत. आपल्याकडे त्याला जवळचा शब्द होताच, कहाणी, गोव्यात घरी बोलताना काणी. श्रावणात ऐकतो त्या कहाण्यांत आवडती-नावडती राणी आहे, पाटावरवंट्याखाली टाकलेली पोरं आहेत, व्रत विसरल्याने गेलेलं राज्य आहे, आणि शेवट काय, तर साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. म्हणजे सांगणारी स्वतःच कबूल करते की साठातली पाच सांगितली.

गोव्याचा आणि या गोष्टीचा एक धागा आहे तो मला फार उशिरा कळला. १८६८ ला लंडनमध्ये दख्खनच्या लोककथांचं एक इंग्लिश पुस्तक छापलं गेलं. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी बापाबरोबर १८६५-६६ च्या हिवाळ्यात दौऱ्यावर होती, बरोबर एक आया होती, तिने त्या गोष्टी सांगितल्या आणि हिने लिहून घेतल्या. आयेने स्वतःची हकीकतही सांगितलीय, ती पुस्तकाच्या सुरुवातीला आहे: तिच्या आजोबाचं घराणं लिंगायत, कालिकतचं, तिथून उठून गोव्याजवळ येऊन राहिलेलं, तिथे आजोबा ख्रिस्ती झाला आणि त्याच्या बापाने त्याला घराबाहेर काढलं. गोष्टी तिला आजीकडून आलेल्या. त्यातली एक आहे सूर्याबाईची. गवळणीची पोर गरुडांनी उचलून नेली आणि झाडावर सात लोखंडी दारांच्या घरात वाढवली, एक राक्षस दारावर खरवडतो, त्याचं नख तुटून दारात अडकतं, सकाळी दार उघडताना ते तिच्या हातात रुततं आणि ती मेल्यासारखी पडते. राजा शिकारीला येतो, त्याला ती दिसते, नख काढल्यावर ती उठते. चुंबन नाही. आणि मग पुढे? राजाची आधीची राणी तिला तळ्यात ढकलते, तळ्यात सोन्याचं सूर्यफूल येतं, ते जाळतात, राखेतून आंब्याचं झाड येतं, त्याचा आंबा नेमका गवळणीच्या दुधाच्या भांड्यात पडतो. जागं झाल्यावर खरी गोष्ट सुरू, आणि घरातली बाईच जिवावर उठलेली, अगदी नेपल्ससारखं. गोष्ट तिकडून इकडे आली की इकडून तिकडे गेली यावर लोक भांडतात, मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की आपल्या आसपासच्या कुठल्या तरी ओसरीवर एका आजीला ही गोष्ट दुसऱ्या अर्ध्यासकट येत होती.

मग बाईंच्या डोक्यात निम्मीच का? इथे विसावं शतक येतं आणि सगळं झाकून टाकतं. १८९० ला पीटर्सबर्गला या गोष्टीचा बॅले झाला, त्यात राजकन्येला नाव दिलं ऑरोरा. फ्रेंच गोष्टीत हे तिच्या मुलीचं नाव होतं, तीच ती चार वर्षांची, रश्शातली. पोरगी गोष्टीतून गेली आणि नाव आईला चिकटलं. १९५९ ला अमेरिकन कार्टून आलं, त्यात बॅलेचं संगीत, तेच नाव, ड्रॅगन, तलवार आणि चुंबन. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, की त्या कार्टूनमध्ये शंभर वर्षं नाहीतच, ती जेमतेम एक रात्र झोपते. ज्या गोष्टीचं नावच झोपेवर आहे तिची झोप काढून टाकली तेव्हा मूळ गोष्टीला हात लावला म्हणून कोणी ओरडल्याचं मी ऐकलं नाही. आमच्या पिढीने ते व्हिडिओ कॅसेटवर बघितलं, पुढच्यांनी सीडीवर, आणि आता नातवंडं मोबाईलवर बघतात.

कादंबऱ्यांची लाट त्यानंतरची, १९७० च्या दशकाच्या शेवटापासून. बहुतेक बायकांनी लिहिलेल्या, आणि बहुतेकींचा प्रश्न एकच, झोपलेल्या मुलीला कोणी विचारलं का. १९९२ ला एका अमेरिकन लेखिकेने याच गोष्टीतून नाझींच्या छळछावणीपर्यंत नेलं, आजी नातींना राजकन्येची गोष्ट सांगत राहते आणि आजीच्या मरणानंतर नात शोधत पोलंडला जाते, ते वाचून मला दोन दिवस दुसरं पुस्तक उघडवलं नाही. २०१४ च्या सिनेमात गोष्ट शाप देणाऱ्या बाईच्या बाजूने आली, राजपुत्राचं चुंबन तिथे फुकट जातं आणि शाप देणारीनेच कपाळावर ओठ टेकवल्यावर मुलगी उठते. याच्यात व्यवहारही आहे, तो विसरू नये: जुन्या गोष्टीवर कोणाचा कॉपीराइट नाही. भारतात लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो, ग्रिम भाऊ जाऊन दीडशेपेक्षा जास्त वर्षं झाली. गोष्ट फुकट आहे, फक्त कार्टूनवाल्यांची चित्रं आणि त्यांच्या पात्रांचं रूप वापरता येत नाही. त्यामुळे दर वर्षी नवीन येते, त्यातल्या पुष्कळ टाकाऊ असतात, आणि बाईंचा वैताग निम्मा त्या टाकाऊंमुळे आहे असं मला वाटतं. चांगल्या मोजक्याच, आणि बैठकीतलं पुस्तक माझ्या मते मधलं, सासूचा भाग उत्तम पण झोपेचा अख्खा काळ लेखिकेने एका पानात उरकलाय. शंभर वर्षं वाड्यात माश्या भिंतीवर झोपल्यात, चुलीतला जाळ झोपलाय, आचाऱ्याचा हात पोऱ्याच्या केसांशी तसाच थांबलाय, आणि आमच्या बाई म्हणतात तसं "यांना त्यावर चार ओळी सुचल्या नाहीत". हे त्यांचं मत कोणी लक्षात ठेवलं नाही, सगळे चुंबनावर अडकले.

बाकी गोव्यात बसून नव्याने सांगण्यावर आक्षेप घ्यायचा म्हणजे मला जरा नवल वाटतं. सोळाव्या शतकात इथल्या पाद्रींनी रामायण-महाभारताच्या कथा कोकणी-मराठीत रोमी लिपीत उतरवून घेतल्या, भाषा शिकायला आणि शत्रूचं काय आहे ते कळायला, त्या वह्या आज पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या लायब्ररीत आहेत. पेडण्याकडे जत्रेत दशावतार बघा, आख्यान ठरलेलं असतं पण संवाद लिहिलेले नसतात, नट उभा राहून बोलतो, आजचा रावण कालच्या रावणासारखा बोलत नाही. स्वतः बाई पहाटेपर्यंत बसतात आणि दुसऱ्या दिवशी सांगतात की मंदोदरीने यंदा काय सुनावलं नवऱ्याला, गेल्या वर्षीची अगदीच मिळमिळीत होती. तिथे मूळ कुठे गेलं विचारलं तर त्या हसतात. म्हणतात, ते वेगळं. ते आपल्याला पाठ आहे म्हणून बदललेलं कळतं, हे परक्याचं, यात कोण काय घालतंय ते आपल्याला कळत नाही, म्हणून जपायला पाहिजे. हा मुद्दा मला खोडता आला नाही, लिहून ठेवतो.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो, फ्रेंच गोष्टीच्या दुसऱ्या अर्ध्याची झेरॉक्स घेऊन. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि आतून पत्र्याची पेटी आणली. तळाशी एक मराठी पुस्तिका, सोळा पानांची, कव्हर फाटलेलं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वडिलांनी घेऊन दिलेली, मुक्तीनंतर दोन-तीन वर्षांनी. "ही बघ मूळ," म्हणाल्या. मी बघितली. बारा पऱ्या पंखवाल्या आणि तेरावी काठापदराच्या लुगड्यात, केस सोडलेली, कपाळावर आडवं कुंकू, चित्रकाराला ती कोण आहे ते बरोबर कळलेलं. चातीच्या जागी चक्क घरातला चरखा, खाली लिहिलंय की राजकन्येच्या बोटाला सुई टोचली. मग काटे, मग घोड्यावरून राजपुत्र. शेवटचं पान त्यांनीच मोठ्याने वाचलं. राजपुत्राने राजकन्येच्या कपाळावर हात ठेवला, तिने डोळे उघडले, सर्व नगरीत आनंदीआनंद झाला.

बाई थांबल्या. चष्मा पुसून परत वाचलं. मग आधीचं पान आणि हे पान मध्ये कुठे चिकटलंय का म्हणून नखाने कड सोडवून बघितली. चिकटलेलं नव्हतं.